रोझ कुणा एकीच्या मालकीची नाही

काल परत कुणीतरी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या ऑड्रा मॅकडॉनल्डच्या 'जिप्सी'ची क्लिप टाकली आणि खाली परत तेच सुरू. "आवाज सुंदर आहे पण रोझचा नाही." "मर्मन ऐका, मग बोला." "ही ऑपेरा गातेय." गेलं वर्षभर मी हे वाचतेय, प्रत्येक वेळी लिहायला घेते आणि राहून जातं, आज मात्र सगळं लिहून टाकते, लांबलं तर लांबलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'जिप्सी' 1959 चं म्युझिकल. संगीत जूल स्टाइनचं, गाण्यांचे शब्द स्टीफन सॉन्डहाइमचे, संहिता आर्थर लॉरेंट्सची. रोझ नावाची एक आई दोन मुलींना स्टार करायचंच म्हणून गावोगाव फरफटत नेते, धाकटी पळून जाते, मग थोरलीला पुढे ढकलते आणि ती शेवटी बर्लेस्कमध्ये स्ट्रिपर म्हणून गाजते. आईला काय मिळतं, तर रिकामं स्टेज. तिथे ती एकटी 'रोझेस टर्न' गाते, आणि ब्रॉडवेवरच्या बायकांसाठी याहून अवघड पाच मिनिटं मला तरी माहीत नाहीत.

पहिली रोझ एथेल मर्मन. तेव्हा नटांच्या अंगावर आजच्यासारखे माइक नसायचे, छातीतून खणखणीत आवाज काढून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आणि मर्मन त्यात बापमाणूस होती. संगीतसुद्धा सॉन्डहाइमलाच करायचं होतं, पण नवख्या संगीतकाराला मर्मनने नकार दिला म्हणून स्टाइन आला. म्हणजे ही गाणी तिच्या गळ्याच्या मापाने शिवलेली आहेत हे मला मान्यच आहे. पण मापाने शिवलेले कपडेसुद्धा पुढच्या माणसासाठी उसवून परत शिवतातच ना!

आणि पुढे आल्या कोण कोण बघा. 1974 ला अँजेला लॅन्सबरी, 1989 ला टाइन डेली, 2003 ला बर्नाडेट पीटर्स, 2008 ला पॅटी लूपोन, मग डिसेंबर 2024 मध्ये ऑड्रा. यातल्या लॅन्सबरी, डेली आणि लूपोन तिघींना टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं. मर्मनला नाही मिळालं! त्या वर्षी 'साउंड ऑफ म्युझिक'साठी मेरी मार्टिन घेऊन गेली. तेव्हा "ओरिजिनल ते ओरिजिनल" म्हणणाऱ्यांनी हे पण लक्षात ठेवा.

आता माझा खरा मुद्दा. 'रोझेस टर्न' संपल्यावर टाळ्या पडतात, रोझ वाकून नमस्कार करते, टाळ्या थांबतात आणि ती वाकतच राहते, वाकतच राहते, आणि अंगावर काटा येतो कारण कळतं की टाळ्या फक्त तिच्या डोक्यात वाजतायत. हा क्षण अनेकांना मूळ नाटकातलाच वाटतो. तो 1959 मध्ये नव्हता! लॉरेंट्सने तो लॅन्सबरीच्या वेळी, 1973 च्या लंडनच्या प्रयोगात आणला आणि मग ती तो ब्रॉडवेवर घेऊन आली. म्हणजे या नाटकातली सगळ्यात जिवघेणी जागा रिवायव्हलने, म्हणजे नंतर नव्याने बसवलेल्या प्रयोगाने, दिलेली आहे. नुसती मर्मनचीच नक्कल करत बसले असते तर ती कुणाला सुचली असती का?

आम्ही एप्रिलमध्ये शनिवारचा मॅटिनी बघितला, मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी, एडिसनहून ट्रेन पकडून. मॅजेस्टिक थिएटर, जिथे 'फँटम ऑफ द ऑपेरा' 1988 पासून 2023 पर्यंत पस्तीस वर्षं चाललं. आम्ही अगदी मागे मेझनीनमध्ये, म्हणजे वरच्या मजल्यावर. सगळ्या 'जिप्सीं'मध्ये स्ट्रोब लाइटमध्ये नाचता नाचता लहान मुलं मोठी होतात तो सीन असतो. इथे दिग्दर्शक जॉर्ज सी. वुल्फने काय केलंय, तर रोझच्या कार्यक्रमात नाचणारी आधीची मुलं ब्लॅक आहेत आणि लाइट थांबतो तेव्हा त्यांच्या जागी गोरी मुलं नाचतायत. एक शब्द बदललेला नाही. रोझला कळलंय की मोठ्या थिएटरात जायचं तर कुणाला मागे टाकावं लागेल, आणि ती टाकते. ब्रॉडवेवरची ही पहिली ब्लॅक रोझ. तिचा हट्ट, तिची घाई, "आत्ताच, नाहीतर कधीच नाही" हे सगळं एकदम वेगळ्या वजनाने येतं. माझ्या शेजारी सत्तरीतल्या एक बाई होत्या, त्यांनी टाइन डेलीची रोझ पाहिलेली, इंटरव्हलला म्हणाल्या की मला वाटलं होतं मला सगळं पाठ आहे.

आवाजाचं म्हणाल तर हो, ऑड्रा ज्युलियार्ड या संगीतशाळेत शिकलेली सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची शास्त्रीय गायिका, वरच्या पट्टीत गेली की आवाज छातीतून सुटून डोक्यात जातो आणि तो सांधा ऐकू येतो. पहिल्या अंकाच्या शेवटी मला तो खटकला, खोटं कशाला बोलू. पण 'रोझेस टर्न'मध्ये तोच सांधा कामाला आला, "मामा" शब्दावर अडखळते तिथे आवाज अक्षरशः तडकला आणि माझ्या मुलीने माझं मनगट धरलं, सोडलंच नाही.

आमच्या घरी 'कट्यार काळजात घुसली'चं असंच होतं. आजोबांनी 1967 चे वसंतरावांचे खाँसाहेब ऐकलेले, त्यानंतर कुणीही गायलं तरी "हं, बरं गातो" एवढंच. प्रेमच होतं ते, पण त्या प्रेमात समोरच्या माणसाचं गाणं ऐकायचंच राहून जायचं.

आणि एक, टोनीचं. 2025 चं टोनी ऑड्राला नाही, 'सनसेट बुलेवार्ड' या म्युझिकलच्या निकोल शेर्झिंगरला गेलं आणि दोन्हीकडच्या फॅन्सनी एकमेकांना नको नको ते बोलून घेतलं. अरे, 'सनसेट'चं सेंट जेम्स थिएटर आणि मॅजेस्टिक एकाच 44 व्या रस्त्यावर समोरासमोर आहेत! त्या सीझनला रोज इकडे ऑड्रा आणि तिकडे निकोल, आणि 'सनसेट'चा टॉम फ्रान्सिस कॅमेऱ्यासमोर गात गात त्याच रस्त्यावरून खरोखर चालत जायचा. आम्ही एका संध्याकाळी मुद्दाम जाऊन फुटपाथवर थांबलो होतो ते बघायला. दोन जुनी नाटकं, दोघींनी जीव ओतलेला, आणि आपण भांडतोय कोण कुणापेक्षा कमी. ऑड्राकडे सहा टोनी आहेत, अभिनयासाठी एवढे दुसऱ्या कुणाकडेच नाहीत, तिला निकोलचं वाईट करून वर काढायची गरजच नाही.

वाईट फक्त याचं वाटतं की ऑक्टोबरपर्यंत चालणार म्हणून जाहीर झालेलं नाटक 17 ऑगस्टलाच बंद झालं. आई सप्टेंबरमध्ये पुण्याहून येणार होती, तिला न्यायचं पक्कं ठरवलं होतं. शेवटी स्वयंपाकघरात स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं. आई मेथी निवडत होती, गोष्ट तिला आधी सांगितली होती, 'रोझेस टर्न'ला हात थांबले, संपल्यावर म्हणाली परत लाव. परत लावलं. मग लॅन्सबरीचं लावलं, मग मर्मनचं, मग परत ऑड्राचं, आणि मेथी तशीच राहिली, रात्री वरण-भातावर भागवलं.