सापाच्या इंजेक्शनामागचे उंदीर

प्राण्यांवरचे सगळे प्रयोग बंद करा, अशी पोस्ट दिसली की एक नर्स म्हणून मला आमच्या कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयाचा फ्रीज आठवतो. पावसाळ्यात त्यातल्या अँटिव्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या बाटल्या संपत आल्या की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

लावणीच्या दिवसांत घोणस चावलेला माणूस आला की त्याचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. आठ-दहा बाटल्या सलाइनमधून लगेच सुरू. सहा तासांनी परत नळी. या वेळी गोठलेली गाठ दिसली की नातेवाइकांच्या आधी आमचा जीव भांड्यात पडतो.

हे औषध घोड्याच्या रक्तातून येतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष घोड्याला थोडं थोडं वाढवत टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली, विषाला निकामी करणारी प्रतिपिंडं वेगळी काढतात. आज आमच्या हातात दुसरं काही नाही, आणि देशात सर्पदंशाने वर्षाला अंदाजे ५८ हजार माणसं मरतात, बहुतेक खेड्यापाड्यातली. म्हणून हे चालू राहिलंच पाहिजे. फक्त त्या घोड्याला पोटभर चारा, फिरायला मोकळी जागा आणि रक्त काढल्यावर पुरेशी विश्रांती मिळायला हवी.

मला सलतात ते उंदीर. औषधाची ताकद तपासताना विष आणि औषध एकत्र करून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवतात, उंदरांच्या शेपटीच्या शिरेत टोचतात आणि किती जगले, किती मेले ते मोजतात. औषध कमी पडलं तर उंदीर श्वास कोंडून नाहीतर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. चाचणी फुकाची नाही. आपल्याकडचं बरंचसं विष तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं आणि त्यापासून केलेलं औषध दुसऱ्या प्रांतांतल्या सापांवर कमी पडतं, हे उंदरांवरच्या चाचण्यांनीच दाखवलं. पण निकृष्ट बॅच आधी नुसत्या रासायनिक चाचणीतही बाजूला काढता येते. उंदराला वेदनाशामक देता येतं. तो वाचत नाही हे दिसल्यावर तडफडू न देता संपवता येतं. तेवढं तरी सगळीकडे सक्तीचं का असू नये?

पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली माणसं अजून गावोगाव आहेत. कुत्रा चावल्यावरची ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनायची आणि काहींना तिच्यामुळे लकवाही व्हायचा. २००४ नंतर आपल्याकडे ती बंद झाली, पेशींवर वाढवलेली लस आली. मेंढ्या सुटल्या, माणसंही सुटली. अँटिव्हेनमचंही तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं. घोड्याच्या प्रथिनांनी पेशंटच्या अंगावर गांधी उठतात, कधी बीपी कोसळतं, म्हणून अ‍ॅड्रेनलिन उशाशी भरून ठेवावं लागतं. २०२४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने परदेशी संशोधकांसोबत मानवी प्रतिपिंड तयार केल्याचं जाहीर केलं. नागाच्या कुळातल्या सापांच्या एका प्रकारच्या विषद्रव्यावर ते चालतं, घोणशीवर नाही. आणि तेही उंदरांवरच तपासावं लागलं.

सरकार अँटिव्हेनम विकत घेतं तेव्हा निविदेत दर विचारतं. त्याच कागदावर हेही विचारा: एका बॅचमागे किती उंदीर लागले, त्यांना वेदनाशामक दिलं का, आणि म्हातारे झालेले घोडे कुठे जातात. उत्तरं आम्हा नर्सेसनाही वाचायला मिळू देत.