खुलासा : शर्यतीतल्या ‘हॅम’ संचाला परवाना लागतोच

ठाण्यातल्या धावण्याच्या शर्यतींसाठी एक संदेश फिरतो आहे : ‘पाच वॅटचे वॉकी-टॉकी ऑनलाइन मागवा, हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर लावा, समाजकार्याला परवाना लागत नाही.’ हे साफ चुकीचं आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओ, आणि तो चालवणाऱ्यांनाही हॅमच म्हणतात.

भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा हॅमसाठी आहे. त्यावर बोलायला केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना लागतो. काम फुकट केलं म्हणून सूट नाही. उलट हॅमने मोबदला घेणंच नियमात बसत नाही. विनापरवाना वापरासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा वेगळा पट्टा आहे, पण तिथे फक्त कमी शक्तीचे संच चालतात. पाच वॅटचा संच तिथे लावणंही बेकायदाच.

शिवाय नुसत्या संचांनी भागत नाही. ठाण्यातल्या उपवन तलावाहून घोडबंदर रोडवर थेट बोलायला गेलात तर येऊरचा डोंगर आडवा येतो. म्हणून नियंत्रण केंद्र उंच गच्चीवर, बाहेरच्या अँटेनासह हवं. संच कमरेला लावून बोललं की शरीरच सिग्नल खातं. तो तोंडासमोर, अँटेना उभी धरून बोलावं. बटण दाबून क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि नेमका तोच धावपटूचा क्रमांक असतो! जखमीचं नाव रेडिओवर सांगू नये, कारण ऐकणारे बाहेरचेही असतात. बिब क्रमांक (धावपटूच्या छातीवरचा), ठिकाण आणि काय हवं एवढंच बोलावं.

आयोजकांनी परवानाधारक हॅमना मार्गाचा नकाशा आधीच द्यावा.