माकडहाडाला इंग्रजीत काय म्हणतात

पडलो कसा ते दोन ओळींत उरकतो, त्यात विशेष काही नाही. ऑफिसात चाकाची खुर्ची, मी फाईल घ्यायला उठलो, परत बसायला गेलो तोवर खुर्ची आपली आपण हातभर मागे सरकलेली. (तिची चाकं सैल आहेत म्हणून मी आधी दोनदा तक्रार नोंदवली होती, तिकीट नंबरसुद्धा आला होता, पण ते असो.) बाकीचं काम गुरुत्वाकर्षणाने केलं. पडल्यावर माणूस आधी काय दुखतंय ते बघत नाही, कोणी बघितलं का ते बघतो. सगळ्यांनी बघितलं होतं.

खरा अपमान चार दिवसांनी झाला, दवाखान्यात, आणि तो अजून दुखतोय. हाडापेक्षा जास्त.

वेटिंग रूम खचाखच भरलेली. मला काय, तसंही बसायचं नव्हतंच. काउंटरला काच आणि काचेला खाली एक अर्धगोल भोक, ज्यातून पैसे आत जातात, आवाज जात नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी ओरडून बोलायची पद्धत.

"काय होतंय?" आतली मुलगी.

आता इथे खरी अडचण. कोणाचा खांदा दुखतो, कोणाचा मणका, कोणाचा गुडघा, सगळे कसे घरंदाज शब्द आहेत. माझ्या हाडाचं नाव मराठीत माकडहाड. हा शब्द आजवर कोणी रुबाबात उच्चारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नुसतं "माझं माकडहाड" म्हणून बघा, आरशासमोर, एकट्याने. म्हणून मी आदल्या रात्री पालथं पडून मोबाईलवर अभ्यास केला होता आणि पाठ करून आलो होतो.

"कॉक्सिक्स," मी म्हणालो.

"कोण डॉक्टर?"

"डॉक्टर नाही, कॉक्सिक्स. हाड आहे ते."

"कुठलं हाड?"

"पाठीच्या कण्याचं. शेवटचं."

"म्हणजे कंबर."

"कंबरेच्या खाली."

"मांडी लिहू?"

"मांडीच्या वर."

कंबरेच्या खाली आणि मांडीच्या वर, मागच्या बाजूला, माणसाला असा कितीसा प्रदेश असतो? एव्हाना सगळ्या वेटिंग रूमला उत्तर आलेलं होतं, एक ती मुलगी सोडून. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, खणखणीत, माईक नसताना माईकवर बोलल्यासारखा.

"अहो मॅडम, माकडहाड! माकडहाड दुखतंय त्यांचं! सरळ मराठीत सांगा की हो, लाजताय कशाला!"

मागे वळलो (वळण्यानेही दुखतं). काका. साठीचे, उजव्या कोपराखाली काळा पट्टा बांधलेला, मांडीवर एक्स-रेचं भलंमोठं पाकीट, चेहऱ्यावर समाजसेवा. त्यांच्या पलीकडे एक लहान मुलगा आईला विचारत होता, "आई, त्या काकांना माकडाचं हाड बसवलंय?" आई "हळू बोल" म्हणाली. "नाही" म्हणाली नाही.

मुलीने एकदाचं लिहून घेतलं आणि काकांनी मला खुणेने शेजारी बोलावलं. जागा नव्हती, मी भिंतीला टेकून उभा राहिलो, तेवढ्याने त्यांचं भागलं.

"पडलात?"

"हो."

"कुठून?"

"खुर्चीवरून."

"खुर्चीवरून, का खुर्चीत बसताना? त्यात फरक आहे."

"बसताना."

"म्हणजे खाली खुर्ची नव्हती."

"सरकली होती."

"मग खुर्चीवरून कसे पडलात? तुम्ही जमिनीवर बसलात. जोरात."

याला काय उत्तर देणार. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते आणि म्हणूनच मला राग आला. सौजन्य म्हणून मी विचारलं, "तुम्हाला काय झालंय?"

काका सावरून बसले. पट्टा नीट केला. "टेनिस एल्बो," असं म्हणाले की जणू मैदानातून थेट इथे आलेत.

"टेनिस खेळता?"

"छे हो. रॅकेट हातात धरलेली नाही जन्मात. पिशवी उचलली."

आता हा कुठला न्याय. पिशवी उचलून कोपर दुखलं तर टेनिस, आणि मी बसलो तर माकड. मी घरी येऊन ह्याचाही शोध लावला (झोप लागत नव्हती, पालथं झोपायची सवय नाही). ह्या दुखण्याचं पहिलं वर्णन १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने केलं ते टेनिसवाल्यांबद्दल नव्हेच, लिहून लिहून हात आखडणाऱ्या लोकांबद्दलच्या लेखात. म्हणजे मूळ मानकरी कारकून, पण पुढे दहाएक वर्षांत दुखणं टेनिसच्या नावावर चढलं ते चढलंच. हातावरच्या स्नायूंचं बूड कोपराच्या बाहेरच्या टोकाला जिथे चिकटतं तिथला हा त्रास, मग तो रॅकेटने होवो, स्क्रूड्रायव्हरने होवो नाहीतर ओलं कापड पिळून. पण कापडपिळू कोपर म्हटलं तर काका सावरून बसले असते का? मोलकरणीचा गुडघा नावाचं दुखणं खरंच आहे इंग्रजीत, गुडघ्यावर बसून फरशी पुसणाऱ्यांच्या वाटीवर सूज येते ते. ते झालं असतं तर काका नक्की बर्सायटिस म्हणाले असते. म्हणजे लाज वाटली की ग्रीक-लॅटिन आणि मिरवायचं असलं की टेनिस. मी कॉक्सिक्स म्हणालो तर एवढं काय बिघडलं?

आणि त्या कॉक्सिक्सचं तरी काय मोठं लागून गेलंय म्हणा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कक्कू पक्षी. आपल्या कोकिळेच्या नात्यातला. तीन-चार, क्वचित पाच बारके मणके जुळून झालेलं ते टोकदार हाड त्या लोकांना कक्कूच्या चोचीसारखं दिसलं. आपल्या लोकांना तिथे शेपटीचा अवशेष दिसला आणि शेपटी म्हटल्यावर माकड. दोघांनीही प्राणीच बघितला, फक्त ग्रीकांनी जरा गाणारा निवडला. ह्या शरीरशास्त्रवाल्यांची नजरच तशी. मसल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर, दंडाची बेटकुळी कातडीखाली उंदरासारखी पळते म्हणून, आणि आपण तिला बेटकुळी म्हणतो म्हणजे आपल्याला तिथे बेडकी दिसली. नडगीचं हाड टिबिया, म्हणजे बासरी. गळ्याखालचं क्लॅव्हिकल, म्हणजे छोटी किल्ली. खुब्याची खोबण म्हणजे ॲसिटॅब्युलम, व्हिनेगर ठेवायचं भांडं. पटेला म्हणजे छोटी ताटली, आणि आपण गुडघ्याची वाटी म्हणतो, तेवढ्या एका भांड्यावर दोन्ही घरांचं एकमत झालेलं दिसतं. सगळा संसार मांडलाय आत. आणि एवढं सगळं असून माझ्या वाट्याला माकड.

असो. नंबर आला.

डॉक्टर बरे होते, घाईत होते. "दुखणं कसं आहे? शून्य ते दहा, किती?"

आता मी मराठी माणूस. माझ्याकडे कळ आहे, ठणका आहे, चमक आहे, उसण आहे, सल आहे, शूळ आहे, रग आहे, हुळहुळणं आहे, भरून येणं आहे. बसलेलं असताना नुसतं सलतं, मागे रेललो की ठणकतं, आणि बसल्याचं उठताना जी एक कळ जाते ती पार टाळूपर्यंत, असं मी नीट तीन भागांत सांगितलं, हाताने दाखवून.

"म्हणजे सात," डॉक्टर म्हणाले, आणि सात लिहिलं.

एक्स-रे झाला. तो बसून काढला, ती गोष्ट वेगळीच, ती लिहीत नाही. मग डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, हं हं केलं आणि कागदावर एक शब्द लिहिला.

"कॉक्सिडायनिया."

माझ्या पोटात गोळा आला. एवढा लांब शब्द म्हणजे साधं काही नसणार. "म्हणजे काय डॉक्टर?"

"माकडहाड दुखणं."

"ते तर मी सांगितलं!"

"हो ना. तेच आहे."

मी घरून माकडहाड दुखतंय हे घेऊन आलो, काउंटरवर लाजत ग्रीकमध्ये नेलं, काकांनी सगळ्यांसमोर मराठीत परत आणलं, डॉक्टरांनी फी घेऊन पुन्हा ग्रीक केलं. ह्यात नवी माहिती किती? शून्य ते दहामध्ये शून्य. डायनिया म्हणजे दुखणं. मायाल्जिया म्हणजे स्नायू दुखतात, आर्थ्राल्जिया म्हणजे सांधे दुखतात. तुम्ही काय दुखतंय ते सांगायचं, त्यांनी तेच परदेशी कपडे घालून तुम्हाला परत द्यायचं. सिम्प्सन नावाच्या डॉक्टरांनी १८५९ साली हे नाव रूढ केलं म्हणे, तेच ते बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरणारे. माणूस बेशुद्ध करायचं औषध ज्याच्याकडे होतं त्याने ह्या दुखण्याला नुसतं नाव दिलं. मला नाव नको होतं हो, क्लोरोफॉर्म चाललं असतं.

ह्यापेक्षा तो कॉडमन नावाचा अमेरिकन डॉक्टर बरा. फ्रोझन शोल्डर (खांदा आखडतो ते) हे नाव त्याने १९३४ साली दिलं आणि वर कबूल केलं की ह्याची व्याख्या करणं अवघड, उपचार अवघड आणि समजावून सांगणंही अवघड. असं कोणी प्रामाणिकपणे सांगितलं की निम्मं दुखणं तिथेच कमी होतं.

बाहेर आलो तर काका माझीच वाट बघत होते. त्यांचा नंबर अजून यायचा होता आणि त्यांना वाचायला काहीतरी हवं होतं. माझ्या हातातला रिपोर्ट कधी त्यांच्या हातात गेला मला कळलंच नाही. चष्मा कपाळावरून खाली.

"नो ऑब्व्हियस फ्रॅक्चर," काकांनी मोठ्याने वाचलं. "बघा. नो फ्रॅक्चर नाही म्हणाले. नो ऑब्व्हियस. म्हणजे असेल, पण उघड नाहीये."

"डॉक्टर म्हणाले नाहीये."

"ते म्हणणारच. आता हे बघा, सॉफ्ट टिश्यूज अनरिमार्केबल." इथे त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "म्हणजे तुमच्यात लक्षात घेण्यासारखं काहीच नाही."

चांगलीच गोष्ट आहे ती, रिपोर्टमध्ये अनरिमार्केबल असणं. पण ते सगळ्यांसमोर मोठ्याने ऐकताना चांगलं वाटत नाही. समोरच्या बाकावरच्या आजींना तर माझी दयाच आली, म्हणाल्या, "असू दे रे बाळा." मी रिपोर्ट परत मागितला. काकांनी दिला, पण आधी शेवटची ओळ वाचून घेतली. "कुशन सांगितलंय. यू आकाराचं घ्या, मागून कापलेलं असतं ते. गोल रिंगवालं नका घेऊ, लोकांना वेगळंच वाटतं."

हे मात्र कामाचं सांगितलं त्यांनी, नाकारत नाही. मागची बाजू कापलेली असल्यामुळे माकडहाड अधांतरी राहतं आणि वजन दोन बाजूंच्या बसायच्या हाडांवर जातं. मागे रेलायचं नाही, जरा पुढे झुकून बसायचं, तासन्‌तास बसायचं नाही, काही आठवडे धीर धरायचा. प्लास्टर ह्या जागेला घालता येत नाही, आणि तोच तर सगळा घोटाळा आहे, कारण प्लास्टर दिसलं की लोक बसायला जागा देतात, सह्या करतात, विचारपूस करतात. मला काही दाखवताच येत नाही. आणि दाखवायची सोयही नाही.

रजेच्या अर्जात कारण लिहायचं होतं. सर्टिफिकेटवर होतं तेच लिहिलं, कॉक्सिडायनिया, आणि खरं सांगतो त्या एका दिवसापुरता तो शब्द मला आवडला. भारदस्त वाटला. वरिष्ठांचा फोन आला, एकदम हळू आवाजात, "संसर्गजन्य नाही ना?" मी म्हणालो नाही. "काळजी घ्या, कामाचं बघतो आम्ही." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाचं काही बघितलं. ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडलेले, फुलं, लवकर बरे व्हा. एकाने तर "फायटर आहेस तू" लिहिलं.

संध्याकाळपर्यंत टिकलं हे. मग अकाउंट्समधल्या एका उत्साही माणसाने तो शब्द शोधून ग्रुपवर अर्थ टाकला, माकडहाड दुखणे, आणि पुढे माकडाची तीन चित्रं, डोळे झाकलेलं, कान झाकलेलं, तोंड झाकलेलं. सत्तावीस जण हसले. "फायटर" लिहिणाऱ्याने आपला मेसेज डिलीट केला.

परवा रुजू झालो, कुशन काखेत घेऊन. खुर्ची तीच. बसायच्या आधी तिला एका हाताने धरून ठेवायची सवय लागलीय आता, लोक बघतात, बघू देत. तक्रारीच्या त्या तिकिटाचं उत्तरही इतक्या दिवसांनी आलंय, मेलमध्ये सगळ्यात वर होतं: खुर्ची तपासली, दोष आढळला नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे.