‘चार दिवसांत घर रंगवून देतो’ हे वाक्य आता बंद करा

दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसं आत राहतायत, कपाटं, पलंग, देव्हारा सगळं जागच्या जागी. ठेकेदार येतो, चप्पल न काढता दारातूनच भिंतींवर एक नजर टाकतो आणि सांगून मोकळा होतो, "चार दिवस, साहेब. फार तर पाच." हे धडधडीत खोटं आहे, आणि खोटं असल्याचं त्याला बोलतानाच माहीत असतं. या खोट्यावर भरवसा ठेवून लोक रजा टाकतात, पूजेची तारीख धरतात, गावाहून आईवडिलांना बोलावतात. मग विसाव्या दिवशी सगळं घर एका खोलीत कोंबलेलं, भाजीत पुट्टीची (भिंत गुळगुळीत करायच्या पांढऱ्या लेपाची) धूळ, आणि फोन केला की पलीकडून "उद्या माणूस पाठवतो."

संताप याचा येतो की हा हिशोब अजिबात अवघड नाही. १० बाय १२ ची खोली घ्या, उंची साडेनऊ फूट. चारी भिंती मिळून ४१८ चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा करा, पावणेचारशे राहतात. वर छताचे १२० मिळवा. म्हणजे एका साध्या खोलीत ५०० चौरस फूट काम आहे. साडेसहाशे फूट कार्पेटच्या फ्लॅटमध्ये असं दोन हजार ते बावीसशे फूट सहज निघतं. आता या बावीसशे फुटांवरून माणसाचा हात किती वेळा फिरतो ते मोजा. खरवडणं, पुट्टीचा पहिला हात, घासाई, दुसरा हात, पुन्हा घासाई, प्रायमर म्हणजे रंगाआधीचं अस्तर, रंगाचे दोन हात. आठ वेळा. झाले साडेसतरा हजार चौरस फूट! दोन माणसांनी हे चार दिवसांत उरकायचं तर प्रत्येकाने रोज अख्खं घर एकदा हातावेगळं करायला हवं. पुट्टीचा एक हात चांगला कसलेला कारागीर दिवसाला चार-पाचशे फूट मारतो. रोलरने रंग हजारभर फूट होतो. खरवडणं आणि घासाई मधेच कुठेतरी. बेरीज केली की पंचवीस-सव्वीस हजेऱ्या (एका माणसाचा एक दिवस म्हणजे एक हजेरी) निघतात, म्हणजे दोन माणसांचे तेरा दिवस. वर टचअपचा एक-दीड दिवस. पंधरा दिवस हा खरा आकडा आहे. तो तोंडावर सांगायला काय जातं?

त्यात दिवस म्हणजे तरी किती तासांचा? बहुतेक सोसायट्यांत दहाच्या आधी काम सुरू करायचं नाही, दुपारी दोन ते चार आवाज नको, सहाला बंद, रविवारी सुट्टी. माणसं साडेदहाला येतात, सामान सरकवून प्लास्टिक अंथरेपर्यंत अकरा वाजतात. जेवण, चहा, हातपाय धुणं धरून प्रत्यक्ष काम पाच-साडेपाच तास होतं. कष्टाचं काम आहे, माणसाने जेवायचं नाही असं कोणी म्हणत नाही. पण दर ठरवताना हे सगळं ठेकेदाराला पाठ असतं आणि दिवस सांगताना तो नेमकं विसरतो.

हाताच्या वेगापेक्षा मोठी अडचण म्हणजे भिंतीला स्वतःचा वेळ लागतो. पुट्टीचा एक हात वाळायला कोरड्या हवेतही चार-सहा तास जातात, म्हणजे दुसरा हात दुसऱ्या दिवशीच. प्रायमरला सहा-आठ तास. इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाच्या, दोन हातांमध्ये किमान चार तास, आणि तेही पंखा फुल्ल सोडून खिडक्या बंद ठेवल्या तर नाही, हवा आरपार खेळायला हवी. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात जाते, तिथे हे सगळे आकडे दीडपट-दुप्पट धरा. ओल्या पुट्टीवर प्रायमर मारला की पाणी आत कोंडतं आणि महिन्याभरात फोड येतात. हे न समजणारा रंगारी नाका धुंडाळूनही सापडणार नाही. सगळ्यांना समजतं. तरीही सकाळी पुट्टी आणि संध्याकाळी प्रायमर चालूच आहे.

चार दिवसवाले काय गाळतात? सगळ्यात आधी खरवडणं गाळतात. जुन्या डिस्टेंपरच्या (स्वस्तातल्या खडूसारख्या रंगाच्या) भिंतीवर तळहात दाबून फिरवा. हात पिठाच्या डब्यात घातल्यासारखा पांढरा झाला, तर त्या थरावर जगातला कुठलाही महागडा रंग टिकणार नाही. तो थर स्पंजने ओला करायचा, दहा मिनिटं मुरू द्यायचा आणि पत्र्याने (धातूच्या पातळ पट्टीने) खालच्या प्लास्टरपर्यंत काढायचा. घाणेरडं काम आहे, मान मोडते, केसांत चुना जातो, आणि झाल्यावर भिंत आधीपेक्षा वाईट दिसते, त्यामुळे मालकाला दाखवायला काहीच नसतं. म्हणून ते टाळतात आणि भुकटीवरच पुट्टी ओढतात. पुट्टी वाळताना आकसते आणि खालचा सैल थर सोबत उचलते. वर्षभरात ताटलीएवढे पापुद्रे सुटतात. त्यातला एखादा हातात घेऊन उलटा करून बघा. पाठीला जुना फिकट हिरवा डिस्टेंपर जसाच्या तसा चिकटलेला असतो. प्लास्टरला नव्या कामाने कधी स्पर्शच केलेला नाही, याचा तो पुरावा. आणि ठेकेदार त्या पापुद्र्याकडे बघून म्हणतो, "कंपनीचा माल खराब आला."

माल कसा खराब येईल? व्हाइट सिमेंटच्या पुट्टीला एक किलोला साधारण ३५० ते ४०० मिली पाणी लागतं. कालवायची, दहा मिनिटं ठेवायची, पुन्हा कालवायची आणि दोन-तीन तासांत संपवायची, कारण आत सिमेंट आहे आणि ते घट्ट व्हायला लागलेलं असतं. इथे सकाळी अकराला अर्धी गोणी कालवतात आणि जेवून आल्यावर घट्ट झालेल्या बादलीत मगभर पाणी ओतून तीच पुढे चालवतात. त्या पुट्टीत जीव उरलेला नसतो. ती वाळल्यावर नखाने खरडली तर खडूसारखी सुटते. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर जायला नको. खड्डे असतील तर ते आधी वेगळे भरून वाळू द्यायचे. घाई असली की खड्डा आणि हात एकाच फटक्यात. वरून साय धरते, आत ओलं राहतं, आणि जाळीसारख्या भेगा पडतात. काही जण मोठ्या भोकांत पीओपी कोंबतात, कारण ते पंधरा-वीस मिनिटांत सेट होतं. ओल असलेल्या भिंतीत ते मऊ पडून निखळतं.

घासाईचं तर बोलायलाच नको. पहिल्या हातानंतर १८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी २२० किंवा ३२०. घासून झाल्यावर भिंत ओलसर फडक्याने पुसायलाच हवी, नाहीतर प्रायमर धुळीवर बसतो आणि रंगाच्या रोलरला चिकटून सालीसारखा निघून येतो. भिंत पुसायला खोलीला अर्धा तास लागतो. अर्धा तास! तोही वाचवतात. घासाई तपासायची तर दिवसाउजेडी समोर उभं राहून काही दिसत नाही. हातात ट्यूब किंवा टॉर्च घेऊन भिंतीला टेकवून आडवा उजेड सोडा. पत्र्याच्या सगळ्या रेघा, उंचवटे, सोडलेले डाग उभे राहतात. हे प्रायमरच्या आधी करायचं, कारण रंग झाल्यावर तेच डाग रात्री दिवा लावला की कायमचे दिसत राहतात आणि तेव्हा "साहेब, भिंतच वाकडी आहे" हे उत्तर तयार असतं.

आता दारं. यावर खरंच ओरडावंसं वाटतं. दाराला ऑइल पेंट मारायचा तर जुना रंग घासायचा, वुड प्रायमर, लांबी (लाकडातल्या भेगा बुजवायचा लेप) भरायची, पुन्हा घासायचं, मग एनॅमलचे, म्हणजे त्या ऑइल पेंटचे, दोन हात. प्रत्येक टप्प्यानंतर एक रात्र. म्हणजे चार-पाच दिवस कमीत कमी, मग माणसं दोन लावा नाहीतर दहा. हे काम पहिल्या दिवशी सुरू केलं तर भिंतींच्या पुट्टीसोबत आपोआप पुढे सरकतं, एकही दिवस जास्तीचा जात नाही. पण नव्याण्णव ठिकाणी दारं आणि ग्रिल शेवटी ठेवतात. भिंती झाल्या, पैसे बहुतेक मिळाले, माणसं दुसऱ्या साइटवर गेली, आणि दारं पडली भिजत घोंगड्यासारखी. मग एक दिवस कोणीतरी येतो, प्रायमर आणि रंग एकाच दिवशी थापतो, आणि रात्री सुरक्षेसाठी दार लावावंच लागतं. सकाळी उघडताना चर्र आवाज येतो आणि दाराची कड चौकटीला रंगाची साल देऊन मोकळी होते.

या सगळ्यावर कडी म्हणजे मुहूर्त. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीस दिवस, आणि अख्ख्या महाराष्ट्राला याच वीस दिवसांत घर रंगवून हवं. मान्सून राज्यातून निघतो तोच ऑक्टोबरात. नैर्ऋत्येकडून चार महिने झोडपलेल्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती तेव्हा आतून ओल्याच असतात. फूट-दीड फुटाचं प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूने थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय, तिथे रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं गळतंय तर आधी ते वर जाऊन बंद करायला हवं, मग भिंतीला काही आठवडे द्यायला हवेत. आतून वॉटरप्रूफचा हात मारून मागून येणारं पाणी थांबत नाही, ते शेजारून वाट काढतं. जानेवारी ते मे हा घर रंगवायचा खरा मोसम आहे. तेव्हा कारागीर मोकळे असतात, भिंती खडखडीत असतात. पण तेव्हा कोणाला आठवण नसते.

आणि या वीस दिवसांच्या गर्दीतच ठेकेदाराचं घोडं पेंड खातं. तो एकाच वेळी चार घरं धरतो. पहिल्या दिवशी निम्मी रक्कम उचल म्हणून घेतो, चार माणसं आणून एका दिवसात सगळ्या खोल्या वरवर खरवडून ठेवतो. खोल्या उघड्या पडल्या की तुम्ही अडकलात. आता त्याला काढून दुसरा आणता येत नाही, कारण दुसरा अर्धवट कामाला हात लावत नाही. मग चारातली तीन माणसं पुढच्या घराची उचल पक्की करायला जातात आणि तुमच्याकडे एक पोरगा उरतो, तोही दुपारनंतर हातावर तुरी देतो. माणूस गावाला गेला, माणूस आजारी पडला, माल कमी पडला. शेवटचं तर ठरवून केलेलं असतं. एका रंगात बावीसशे फुटांना दोन हातांसाठी वीस लिटरची बादली जवळपास पुरते, हे त्याला ठाऊक असताना तो चार-चार लिटर मागवतो आणि दर वेळी दुकानाच्या खेपेत अर्धा दिवस घालवतो. वर वेगवेगळ्या दिवशी मशीनवर बनवलेली शेड कणभर तरी वेगळी येते. लागणारा सगळा रंग एकदम आणून, सगळे डबे एका मोठ्या पिंपात एकत्र ढवळून मगच वापरायचा असतो. नाहीतर एकाच भिंतीचे दोन रंग दिसतात, ती भिंत पुन्हा मारावी लागते, आणखी एक दिवस.

घरमालकांनाही सोडता येणार नाही. पहिला हात झाल्यावर "जरा फिकट असता तर" म्हणणाऱ्यांनी आपणहून दोन दिवस वाढवलेले असतात. शेडकार्डावरचा दोन बोटांचा तुकडा बघून रंग ठरवू नका. एक लिटर आणून त्याच भिंतीवर दोन बाय दोन फूट मारा, वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं, आणि सकाळच्या उजेडात व रात्रीच्या दिव्यात दोन्हीकडून बघा. भडक पिवळा किंवा लाल हवा असेल तर दोन हातांत भिंत झाकली जात नाही, तीन-चार लागतात, हे धरूनच चाला. आणि पंधरा दिवसांचा खरा आकडा सांगणाऱ्याला परत पाठवून चार दिवसवाल्याला काम देणारे आपणच आहोत. प्रामाणिक रंगाऱ्याचं काम अशाने बुडतं. त्यालाही पुढच्या घरी चार दिवसच सांगावे लागतात.

चार-पाच दिवसांत काम होतं, पण कुठे? घर रिकामं, जुना रंग घट्ट, ओल नाही, पुट्टी फक्त ठिगळापुरती, वर रंगाचे दोन हात. पूर्ण कामाला चार कारागीर सलग, दुसरीकडे न जाता लागले तरी आठवडा जातो. यातलं काहीच नसताना चार दिवस सांगणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा: खरवडणार का? पुट्टीचे किती हात? दारं कोणत्या दिवशी सुरू? रोज किती माणसं? आणि उत्तरं कागदावर तारखांसह घ्या. फुटावर दर ठरला की तो घाई करतो, हजेरीवर ठरला की रेंगाळतो. म्हणून पैसे टप्प्यावर बांधा. सुरुवातीला पाचवा हिस्सा, त्याहून एक रुपया जास्त नाही. दुसरी घासाई ट्यूब टेकवून तपासल्यावर तीस टक्के. रंगाचा पहिला हात सगळ्या खोल्यांत झाल्यावर तीस. आणि उरलेले वीस टक्के दारं मोकळी उघडायला लागल्यावर, फरशीवरचे ठिपके निघाल्यावर आणि टचअपसाठी प्रत्येक रंगाचा अर्धा लिटर, डब्यावर शेड नंबर लिहून, तुमच्या हातात आल्यावर.