चेर्नोबिल: फॉरवर्डमधलं आणि नदीकाठचं

दर एप्रिलला हा मेसेज हटकून येतो: ‘चेर्नोबिल हे सोव्हिएत सरकारने अणुभट्टीसाठी 1970 साली वसवलेले शहर. नावाचा अर्थ बायबलमधला कडूदवणा, म्हणजे अपघाताचे भाकीत आधीच झाले होते! आज तिथे चिटपाखरूही नाही.’ सोबत गंजलेल्या आकाशपाळण्याचा फोटो.

आधी फोटोचं बघू. तो पाळणा चेर्नोबिलचा नाहीच, प्रिप्यात शहराचा आहे. 1970 साली वसवलं तेही प्रिप्यातच, अणुवीज केंद्रापासून जेमतेम 3 किलोमीटरवर, तिथल्या कामगारांसाठी. चेर्नोबिल गाव आग्नेयेला सुमारे 15 किलोमीटर दूर. केंद्राला या जुन्या गावाचं नाव मिळालं आणि घोळ तिथून सुरू झाला.

जुनं म्हणजे किती? इतिवृत्तात त्याचा उल्लेख 1193 सालचा, तोही राजाच्या शिकारीच्या निमित्ताने. उझ नदी प्रिप्यात नदीला मिळते त्या भागातली ही वस्ती. तेच पाणी पुढे नीपरमधून कीव्हकडे जातं. गाव आधी लिथुआनियाकडे, मग पोलंडकडे आणि 1793 मध्ये रशियन साम्राज्यात गेलं. अठराव्या शतकात मेनाखेम नाहूम त्वेर्स्की यांनी इथे हसिदी या ज्यूंच्या भक्तिपंथाची गादी सुरू केली. ‘चेर्नोबिल’ हे त्या घराण्याचंच नाव होऊन बसलं. गावातल्या ज्यूंना 1941 मध्ये नाझींनी मारलं. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षरही नाही.

आता नाव. युक्रेनियनमध्ये ‘चोर्नोबिल’ ही दवण्याच्या कुळातली एक रानवनस्पती, काळपट दांड्याची. नावातला ‘चोर्नी’ म्हणजे काळाच. बायबलमधल्या भाकितात एका ताऱ्याला ज्याचं नाव आहे तो कडूदवणा ही त्याच कुळातली दुसरी वनस्पती, तिला युक्रेनियनमध्ये ‘पोलिन’ म्हणतात. दोन्ही बहिणी, पण एक नव्हेत. जोतिबाला वाहतो तो दवणाही याच कुळातला. म्हणून वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर भाकीत शोधायचं का?

राहिलं चिटपाखरू. अपघातानंतर मे 1986 मध्ये गाव रिकामं केलं, सुमारे 14,000 माणसं उठली, हे खरंच. पण केंद्राच्या उरलेल्या भट्ट्या डिसेंबर 2000 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत गेल्या. तोवर तिथे वीज तयार होत होती. केंद्राच्या आणि भोवतालच्या निषिद्ध (राहायला बंदी असलेल्या) क्षेत्राच्या कामावरची माणसं पुढेही पाळीपाळीने चेर्नोबिल गावात राहत आली. आणि पाखरांचंच म्हणाल, तर तिथल्या रानात लांडगे आहेत, 1998 पासून आणून सोडलेले प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडेही आहेत.