मळीत मुरूम टाकू नका

काल सकाळी वैरणीला गेलो तर शेजारच्या रानात पांढरी फक्की मारलेली. बारा गुंठ्यांत सहा प्लॉट आणि मधनं रस्ता. फेब्रुवारीपर्यंत तिथं उसाचा खोडवा उभा होता.

ज्या आबांनी रान विकलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. दोन पोरींची लग्नं, बहिणींची वाटणी, सोसायटीचं कर्ज. उसाची आडसाली लावायची, सोळा-अठरा महिने थांबायचं, गुंठ्याला दीड टन पडला की समाधान मानायचं, टनाला तीन-साडेतीन हजार. आणि प्लॉट म्हणून त्याच गुंठ्याला लाखांत पैसे मिळतात. हिशेब कुणालाही कळतो.

पण हे रान नदीकाठचं आहे. मळीचं, म्हणजे पुराच्या गाळाचं. कोल्हापूरच्या शिवाजी पुलापलीकडच्या आमच्या पट्ट्यात पंचगंगेनं वर्षानुवर्षं गाळ आणून टाकलाय. वाडवडिलांनी घरं उंचावर बांधली आणि मळी पिकाला ठेवली, कारण पावसाळ्यात नदी इथं येणार हे त्यांना ठाऊक होतं. नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी पन्नास फुटांच्याही वर गेलं. तरी आज त्याच मळीत डंपर मुरूम ओततायत.

२०२१ चं सांगतो. आमच्या खालच्या अंगाला एकानं चार फूट भर टाकली आणि ओढ्याची मोरी बुजवली. पूर ओसरला, नदी पात्रात गेली, पण आमच्या रानातलं पाणी निघंना. अकरा दिवस ऊस पाण्यात. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, गाळ बसला, शेंडे कुजले, आणि खालच्या डोळ्यांना पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटल्या. वडील बांधावर उभे राहून नुसते बघत होते. त्या वासाची आठवण आजही जात नाही.

हे शहरातल्या माझ्या मित्रांनीही वाचावं. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिणं हा आपला अभिमान. पाव्हणा आला की आधी तिथंच नेतो. त्या म्हशी मका, शाळवाचा कडबा आणि उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, खाऊन दूध देतात. हे सगळं शहराला चिकटलेल्या गावांतनंच येतं. रानं गेली की वैरण लांबून आणावी लागणार, आणि विकतच्या वैरणीवर दोन-तीन म्हशींचा गोठा टिकत नाही. दिवाळीच्या पाडव्याला सजवून पळवायला तरी म्हशी कुठनं आणायच्या?

शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते रयतेच्या शेतीसाठी. ते पाणी भोगावतीनं पंचगंगेत येतं आणि आमच्या पाणी उपसायच्या मोटारी त्यावर चालतात. एवढी बारमाही पाण्याखालची जमीन काँक्रीटखाली घालणं मला पटत नाही.

आसपासची गावं शहरात घ्यायच्या हद्दवाढीवर गावं आणि शहर किती वर्षं भांडतायत. २०१७ साली ४२ गावांचं विकास प्राधिकरण आलं. मी हद्दवाढीचा आंधळा विरोधक नाही. लोकांना घरं पाहिजेत, आमच्याच पोरांना पाहिजेत. पण घरं माळावर बांधा, शहरात उंच बांधा. पूररेषेच्या आतलं आणि बारमाही बागायतीचं रान शेतीलाच राहू दे, आणि रेषा नकाशावर असते तशी जमिनीवरही पाळा.

मात्र नकाशावर शेतीचा हिरवा पट्टा रंगवून सगळा भार शेतकऱ्यावर टाकू नका. त्याच्या शेजारचा लाखोंत विकणार आणि ह्यानं शहराचा पूर पोटात घेत बसायचं, हा अन्याय आहे. ज्याचं रान राखायचं त्याला मोबदला द्या, दुसरीकडं बांधकामाला वापरता येईल असा विकास हक्क द्या. नाहीतर आबांसारखा माणूस विकणारच.

आबांच्या रानाला लागून आमचे चौदा गुंठे आहेत. परवा एजंटाचा फोन आला. चुलत्यांचं मन थोडं वळलंय. रविवारी भावकी बसणार आहे, तिथंही मी हेच सांगणार. बुजवलेली मोरी मोकळी करा म्हणून ग्रामपंचायतीत तिसऱ्यांदा अर्ज दिलाय, पोच माझ्याकडं आहे. ज्यांच्या रानात असंच पाणी तुंबतंय त्यांनी गट नंबरासह मला कळवा, पावसाच्या आत सगळे मिळून तहसीलला जाऊ.