चांदीच्या जुन्या ब्रोचबद्दल आलेल्या एक-तारा अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई. तुम्ही लिहिलंय की पणजीचा 1890 सालचा चांदीचा ब्रोच घेऊन जालन्याहून इथं संभाजीनगरच्या सराफ्यात आलात, आम्ही 300 रुपये घेतले, साल लिहून दिलं नाही, माणिक नकली ठरवले आणि वर 'मोडीत द्या' म्हणालो.

मोडीचं आधी. काउंटरवरचा पोरगा तसं बोलला, ते साफ चुकलं. माफ करा. अशी वस्तू आटवायची नसते हे त्याला मी शिकवायला पाहिजे होतं. फी मात्र आधी सांगून घेतली होती, ती तपासणीची आहे.

छाप नाही म्हणून आम्ही ब्रोच हलका ठरवला, असं नाही. आपल्याकडे चांदीला बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा छाप, मुळी 2005 साली आला. त्याआधीच्या चांदीवर तो कुठून असणार? टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती तो आकडा, 92 आला तेव्हा तुम्ही म्हणालात, मग ही विलायती स्टर्लिंगच. स्टर्लिंग 92.5 असते खरी, पण राणीछाप रुपयाही 91.7 चा होता, आणि असे रुपये आटवून सोनारांनी किती दागिने घडवले! शिवाय टंच काढायचं मशीन वरवरचा थर वाचतं. उजळताना तेजाबानं वरचं तांबं गेलेलं असलं की आकडा चढाच दिसतो. निजामाच्या हाली रुपयाची चांदी असती तर 82 च्या आसपास आली असती, एवढंच त्यातून कळलं.

सालाचा माग लागला मागच्या बाजूला आणि खड्यांत. पिन अडकवायचा आकडा फिरवून बंद होणारा आहे. ती पद्धत विसाव्या शतकातली. पण त्याच्या बुडाशी शिशाचा करडा डाक (जोड) दिसला, म्हणजे आकडा कुणीतरी नंतर बसवलाय. त्यावरून ब्रोचचं वय काढणं अन्यायाचं झालं असतं. म्हणून खड्यांकडे वळलो. मधला जांभळा कटेला (ॲमेथिस्ट) जुन्याच कोंदणात आहे, खडा धरणाऱ्या पाकळ्या कधी उचकटलेल्या नाहीत. कारखान्यातला कटेला बाजारात आला 1970 नंतर, तेव्हा हा खाणीतलाच असावा. भोवतीच्या चार लाल खड्यांत मात्र भिंगाखाली ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोलसर रेघा आहेत. खाणीतल्या माणकात त्या सरळ किंवा कोनात असतात. हे भट्टीत वितळवून वाढवलेले माणिक. व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ती रीत 1902 मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर असे खडे मुबलक झाले. ती काच नाही बरं का; घटक खऱ्या माणकाचेच. मी 'कृत्रिम' म्हणलो, तुम्ही 'नकली' ऐकलंत.

आता सांगा, 1890 कसं लिहू? 'चांदी, टंच 92, मधे कटेला, कृत्रिम माणिक, बहुधा 1902 नंतरचा, पिनेचा आकडा बदललेला' असं सही-शिक्क्यानिशी लिहून देतो. पणजीबाईंचा हा ब्रोच लावलेला जुना फोटो घरात असेल तर घेऊन या, त्यावरून साल आणखी जवळ आणता येईल. आणि तोवर रांगोळी, टूथपेस्ट काही लावू नका. खाचांतला तो काळेपणा राहू द्या. आलात की काउंटरला न थांबता सरळ आत या.